नवाबाची ओली चाके

“थांब ना गा जरासा. आधी बांड्याचं होऊ दे.”

दौलतकाका नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि वाळल्या गवताचा बोळा करून बांड्याची पाठ घासत होता. जोडीचा दुसरा बैल, हिऱ्या, अंघोळ आटोपून काठावर आला होता. त्याच्या पोटाखालून पाणी ठिबकत होते. मी बाभळीच्या मुळीवर बसलो होतो आणि माझ्या मांडीवर नवाब होता.

“नवाबाचं कवा?”

“होईन त्याचंही.”

“तू मघापासून तेच म्हनून राह्यला. त्याले घाम आला.”

“लाकडाले कुठं घाम येते बे?” काका म्हणाला आणि बांड्याच्या शेपटीकडे वळला.

नवाब लाकडाचा आहे ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त काकाने ती आजवर कधी उच्चारली नव्हती.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि काका सोळाचा. तो माझ्या वडिलांचा सर्वांत धाकटा भाऊ. वडील वणीकडे कोळशाच्या खाणीत होते, फक्त दिवाळीला घरी येत. त्यामुळे माझे बालपण भरले होते ते काकाच्या बडबडीने. नवाब आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, काका लहान असताना शिवणीच्या लाकडाचा कोरला होता. दीड वीत उंच, चार चाकांचा, डावा कान अर्धा तुटलेला. आमच्या भागात श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. पोरे आपापले लाकडी बैल दोरीने ओढत तोरणाखाली आणतात आणि मग घरोघर फिरून खाऊ मागतात. त्याला बोजारा म्हणतात. काका मोठा झाला तसा नवाब माझ्याकडे आला. पण पुरता आला नाही. त्याचा आवाज काकाकडेच राहिला.

नाक चिमटीत धरून काका बोलू लागला की तो नवाब असे. हा नवाब एलिचपूरच्या कुठल्याशा खऱ्या नवाबाच्या पागेतून रुसून निघून आलेला होता. त्याला कडबा चालत नसे, बोरे चालत. कोंबड्यांना तो भीत असे आणि ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून त्याने आम्हा दोघांकडून शपथ घेतली होती. आर्वीची एस.टी. हा आपला चुलतभाऊ असून अति खाण्याने त्याची अशी दशा झाली, असे त्याचे ठाम मत होते. आणि सर्वांत मोठे गुपित हे, की पोळ्याच्या रात्री गावातले सगळे लाकडी बैल उठतात आणि नाल्यावर जातात. दिवसभर मिरवून दमलेले खरे बैल तिथे पाण्यावर आलेले असतात. मग तिथे बैलांची सभा भरते आणि सालभरात कोणत्या मालकाने किती पराण्या मारल्या त्याचा निवाडा होतो.

याला पुरावा होता. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नवाब दारात जसाच्या तसा उभा असे, पण त्याची चाके ओली असत, नाल्याच्या काळ्या चिखलाने माखलेली. मी ती बोटाने चाचपून पाहत असे. त्याच सकाळी दरवर्षी आई चुलीपुढून काकावर ओरडायची, “नखं पाह्य तुही! वावर नांगरलं काय रातीतून?” आम्ही दोघे हसायचो. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

त्या वर्षी ज्येष्ठात आबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांच्या कमरेचे हाड मोडले. त्यांची बाज ओसरीवर आली ती तिथेच राहिली. जूनमध्ये काकाचे नाव दहावीच्या हजेरीत होते, जुलैत नव्हते. पेरणी त्याने केली, डवरणी त्याने केली, आणि श्रावणात पाठीवर फवारणीचा पंप बांधून तो कपाशीच्या ओळींतून दिवस दिवस फिरत राहिला. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला औषधाचा कडवट वास असायचा.

आणि ज्येष्ठापासून नवाब बोलला नव्हता.

मी विचारी, “नवाब काऊन बोलत नाही?” काका म्हणे, “झोपला असंन.” कधी म्हणे, “उद्या बोलन.” मी फार बोलणारा मुलगा नव्हतो, एकदा मिळालेले उत्तर मी पुन्हा मागत नसे. मी मनाशी एवढेच ठरवले होते की पोळ्याच्या रात्री नवाब उठेल, नाल्यावर जाईल, आणि सकाळी त्याची चाके ओली असली की सगळे पूर्वीसारखे होईल. तेवढी एकच रात्र मला हवी होती.

काकाने शेवटी नवाबाला पाण्यात बुचकळले, झटकले आणि माझ्या हातात दिला. एवढ्या पाण्यात उभा असूनही त्याने अंगातले बनियन काढले नव्हते.

“बनियन काऊन नाही काढलं?”

“थंडी वाजते.”

“भादव्याच्या तोंडाले?”

“लय प्रश्न इचारतं तू,” असे म्हणून त्याने माझ्या तोंडावर पाणी उडवले. त्या वेळी तो क्षणभर पूर्वीचा काका होता.

त्या संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना, जिथे सालभर जू बसते त्या जागेला, लोणी आणि हळद लावतात. पळसाच्या पानाने ते जिरवतात आणि बैलाला जेवणाचे आमंत्रण देतात. आजवर हे काम आबा करीत. आता ते बाजेवरून बैलांच्या कोठ्याकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचे हात चालत नव्हते त्याची भरपाई त्यांची जीभ करीत होती.

“दौलत्या, पोळीले तूप लावल्यासारखं नको लावू. दाब. आतपर्यंत जाऊ दे.”

“दाबून तं राह्यलो, बाबा.”

“त्याले इचार, तो सांगन तुले दाबतं का गोंजारतं ते. माह्या हाताले हिऱ्या मान टाकून देत होता. तुह्या हाताले कान हालवून राह्यला. माशी समजला असंन.”

काका हसला. त्याने दोन्ही तळवे टेकून जोर दिला, आणि हिऱ्याने खरोखरच मान खाली सोडली. डोळे अर्धे मिटले. मग काकाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटले,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

तेच बांड्यालाही म्हणून झाले तेव्हा मी नवाबाला पुढे केले.

“आता याचं.”

“तूच लाव,” काका म्हणाला. “तुले येते आता.”

“तू लावतं ना दरसाली.”

“अंबू,” आबा बाजेवरून मला म्हणाले, “त्याले नको वढू. ज्यानं मोठ्या पोळ्यात कासरा धरला, त्यानं तान्ह्या पोळ्यात दोरी नाही धरायची. हे असंच हाय गावचं. उद्या तो तोरनाखाली जोडी घेऊन उभा राह्यते. माह्या जागी.”

काकाने वर पाहिले नाही. तो हाताचे लोणी पळसाच्या पानाला पुसत होता. मी बोटाने थोडे लोणी घेतले आणि नवाबाच्या लाकडी खांद्यावर लावले. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” मी म्हणालो आणि थांबलो. दरवर्षी या ठिकाणी नवाब नाकातून विचारी, “जेवाले काय हाय ते आधी सांग.” आणि मग काका पुरणपोळीपासून कढीपर्यंत सगळे पदार्थ मोजून दाखवी आणि नवाब प्रत्येकात खोड काढी.

मग बांड्याने शेपटी झाडली आणि काका भारा आणायला उठला.

जेवताना आईने काकाचे ताट आबांच्या ताटाशेजारी मांडले, पाटावर. माझे ताट चुलीशी, नेहमीच्या जागी होते. पण आजवर त्या जागी दोन ताटे असत.

“भाऊजी, अजूक एक भाकर घ्या,” आई म्हणाली.

मला हसू आले. “आई, तू काकाले ‘घ्या’ काऊन म्हनतं?”

“मोठे झाले ना ते आता.”

“वहिनी, तुमी मले दौलतच म्हना,” काका ताटात पाहत म्हणाला.

“चार लोकांत बरं नाही दिसत.”

“इथं कुठं चार लोक हायत?”

“मी एकटाच चौघांच्या बरोबर हाय,” आबा म्हणाले. “वाढ सूनबाई. घेते तो. न घेऊन सांगते कोनाले?”

काकाने भाकर घेतली.

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरे गोळा होतात त्या मैदानावर, आंब्याच्या पानांचे लांब तोरण बांधले होते आणि त्याखाली जोड्या उभ्या होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. मी पारावर चढून पाहत होतो. काकाने आबांची पांढरी टोपी घातली होती. ती त्याला किंचित मोठी होत होती आणि कपाळावर घसरली की तो मान खाली वाकवून ती मनगटाने मागे सारत होता. हात खांद्याच्या वर नेत नव्हता.

तोरण तुटण्याआधी झडत्या म्हणतात. एकेक शेतकरी आपली झडती खणखणीत आवाजात म्हणतो आणि सगळे शेवटी महादेवाचा गजर करतात. आबांची झडती त्यांनी स्वतः रचलेली होती आणि पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. कुणीतरी ओरडले, “आता गनपतरावची!” आणि मग गडबडून म्हणाले, “म्हनजे, पोट्ट्याची.”

काका दोन पावले पुढे आला. त्याने घसा खाकरला.

“आभाळाच्या आडाले चांदन्याचा दोर,
बैल राबे सालभर, मालक कामचोर!
ज्याच्या खांद्यावर जू, त्याले पुरनाचा घास,
मालकाले म्हना आता, तूच कर उपास!
हर बोला, हर हर महादेव!”

माणसे उसळून हसली. टाळ्या पडल्या. “अबे, हा तं लहान गनपतराव!” “खाकरते तेही तसंच!” मला मात्र हसू आले नाही. तो आवाज आबांचा होता. शब्दांवरची ठेच आबांची, ‘उपास’ म्हणताना मान झटकणे आबांचे, आधीचे खाकरणेही आबांचे. नवाबाचा आवाज जिथून येत होता त्याच गळ्यातून आता आबांचा आवाज येत होता, आणि तो अगदी हुबेहूब होता. पारावर उभा असताना मला एकाएकी वाटले की त्या गळ्यात आता दुसऱ्या कुणाला जागा राहणार नाही.

तोरण तुटले. बैल घराकडे धावले. दिवेलागणीपर्यंत काका जोडी घेऊन दारोदार फिरला. बायांनी बैलांचे पाय धुतले, ओवाळले, पुरणाचा घास दिला. तो परत आला आणि ओसरीवर, नव्या कपड्यांनिशी, भिंतीला टेकून बसला.

मी नवाबाला दरवर्षीप्रमाणे उंबरठ्याबाहेर ठेवले. तोंड रस्त्याकडे, दोरी सैल.

“काका, तो निंगन ना?”

“कोन?”

“नवाब.”

“हं,” काका म्हणाला. त्याचे डोळे मिटत होते. “निंगन ना. काऊन नाही निंगन?” आणि वाक्य संपता संपता तो झोपला.

पहाटे मला जाग आली तेव्हा अंगणात नुकताच उजेड शिरत होता. मी अंथरुणातून थेट दाराशी गेलो आणि नवाबापुढे गुडघे टेकले.

चाके कोरडी होती. कालची धूळसुद्धा त्यांवर तशीच होती. पुढच्या चाकापासून उंबरठ्यापर्यंत कोळ्याने रात्रीतून एक धागा ताणला होता. तो तुटलेला नव्हता.

मी बराच वेळ त्या धाग्याकडे पाहत राहिलो. मग मागे वळून काकाकडे पाहिले. तो सतरंजीवर पालथा झोपला होता. झोपेत त्याने सदरा काढून फेकला होता आणि बनियनचे पट्टे दंडांवर घसरले होते. त्याच्या दोन्ही खांद्यांवर, मानेच्या दोन्ही बाजूंना, बोटभर रुंद पट्टे उमटले होते. कातडी सोललेली, कडेने काळीनिळी. पंपाचे पट्टे जिथे बसतात तिथे. परवा आम्ही हिऱ्या-बांड्याला लोणी लावले होते, अगदी त्याच जागी.

रस्त्यावर आरोळ्या सुरू झाल्या होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी दारावर लावलेल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर घालवून देतात. त्या फांदीला मारबत म्हणतात. आई दाराशी आली, चौकटीवरची फांदी उपसून तिने माझ्या हातात दिली.

“जा, नाल्यात फेकून ये. अन् आबाचं दुखनं घेऊन जा म्हनजो. इसरू नको.”

मी गेलो. नाल्यावर अर्धे गाव जमले होते. “खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!” “ताप-हिवताप घेऊन जा गे मारबत!” पोरे बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मला चारचौघांत ओरडणे कधी जमले नाही. मी पुटपुटत म्हणालो, “आबाचं दुखनं घेऊन जा गे मारबत.” मग फांदी उगारली, आणि टाकण्याआधी अगदी हळू, मलाही ऐकू येईल न येईल असे, म्हणालो, “अन् काकाचा पंप.”

फांदी वाहत गेली. माणसे ओरडत परत फिरली. मी मागे राहिलो.

पाण्याकाठी चिखल मऊ होता, लोण्यासारखा. मी तो बोटांनी खरवडून काढला, पळसाच्या पानात घेतला, पान दुमडले आणि घरी आलो. काका अजून झोपला होता. बाजेवर आबा डोळे मिटून पडले होते.

चिखल कसा लावायचा हे मला कुणी शिकवले नव्हते, पण चार वर्षे ती चाके मी चाचपली होती, आणि माझ्या बोटांना सगळे पाठ होते. पुढच्या चाकांना अधिक, मागच्यांना कमी. आऱ्यांच्या फटीत थोडा दाबून. पोटाखाली एकदोन शिंतोडे, कारण धावताना उडतात. मग नवाबाला उचलून अंगणाच्या टोकापासून उंबरठ्यापर्यंत एकदा ओढत आणले. मागे दोन काळ्या रेघा उमटल्या. तो कोळ्याचा धागा मात्र त्याआधी मला बोटाने तोडावा लागला होता.

“काका! ऊठ! पाह्य ना, नवाब जाऊन आला!”

काका दचकून उठला. त्याने आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिले. तो रांगत पुढे गेला आणि चाकावर बोट टेकवले. बोटाला ओला चिखल लागला. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी आधी कधी पाहिले नव्हते. तो आठवू पाहत होता. रात्री आपण उठलो होतो का, नाल्यावर गेलो होतो का, हे तो स्वतःलाच विचारत होता, आणि उत्तर येत नव्हते; आणि मला वाटते, अर्धा क्षण, केवळ अर्धाच क्षण, त्याने खरे मानले. डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांत तो माझ्याहून लहान होता.

मग त्याने माझा हात धरला, उताणा केला, पालथा केला. माझ्या नखांत काळा चिखल भरला होता.

तो खूप वेळ त्या नखांकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिलो. आईची दरवर्षीची ओरड माझ्या कानांत आली, त्याची नखे डोळ्यांपुढे आली, आणि माझ्या लहानशा डोक्यात त्या दोन गोष्टी आपोआप शेजारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी मान वर केली. काका माझ्याचकडे पाहत होता. मला कळले आहे हे त्याला कळले, आणि त्याला कळले आहे हे मला.

“नखं पाह्य तुही,” काका म्हणाला, आईच्या आवाजात, हुबेहूब. “वावर नांगरलं काय रातीतून?”

आम्ही हसलो नाही. त्याने माझा हात सोडला नव्हता. बाहेर कुणाच्या तरी दारात शेवटच्या आरोळ्या चालल्या होत्या. आता कुणीतरी बोलायला हवे होते, आणि ज्याने बोलायला हवे होते तो दारात गप्प उभा होता. मी मोकळ्या हाताने नाक चिमटीत धरले.

“दौलत्या,” मी म्हणालो. आवाज किरटा निघाला. “मी नाल्यावर गेलो होतो.”

काकाने माझ्याकडे पाहिले.

“वरून नको धरू नाक,” तो हळूच म्हणाला. “वरून धरलं का कोंबडीवानी आवाज निंगते. अन् नवाब कोंबडीले भेते. खालून धर.”

मी खालून धरले. “मी नाल्यावर गेलो होतो. हिऱ्या भेटला, बांड्या भेटला.”

“बरं. काय म्हनत होते?”

“तुह्यावर खटला होता.”

“माह्यावर? किती पराण्या मोजल्या?”

“पराण्या नाही. ते म्हने, आमचे खांदे शेकले…” इथे माझ्या नाकावरची चिमटी सुटली आणि उरलेले वाक्य माझ्या स्वतःच्या आवाजात बाहेर आले. “न् याचे कोन शेकते?”

काकाने घाईने बनियनचे पट्टे वर ओढले. मी उठलो, घरात गेलो, फळीवरची परवाची लोण्याची वाटी घेतली, आईला न विचारता हळद घेतली, हात स्वच्छ धुतले आणि परत आलो. “बस,” मी म्हणालो. तो बसला. माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी पट्टे बाजूला केले आणि लोणी लावू लागलो, भीतभीत, केवळ बोटांच्या टोकांनी.

“पोळीले तूप लावल्यासारखं नको लावू,” बाजेवरून आवाज आला.

मी दचकलो. आबांचे डोळे अजून मिटलेले होते. ते केव्हापासून जागे होते, कुणास ठाऊक.

“सोललेल्या जागी नको दाबू, कडेकडेनं दाब,” आबा म्हणाले. नंतर जरा वेळाने, कुणालाच उद्देशून नसल्यासारखे, “मले दिसलं नाही तं कोनी सांगतही नाही या घरात.”

मी तळवे टेकले आणि कडेकडेने दाबले. काकाची मान हळूहळू खाली गेली. त्याच्या पाठीचा ताण माझ्या हातांखाली सैल होत गेला. एकदा ती पाठ जोरात हलली, मग स्थिर झाली. मी त्याचा चेहरा पाहू शकत नव्हतो आणि पाहायचा प्रयत्नही केला नाही. लोणी संपले तेव्हा मी वाकलो आणि त्याच्या कानाशी तोंड नेले.

“आज आवतन घ्या,” मी म्हणालो, “उद्या जेवाले या.”

काकाला मी ‘घ्या’ म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या ते ध्यानात आले. त्याच्याही आले असावे. मग त्याचा उजवा हात सावकाश वर आला. दुखत असणार, पण आला. नाकापाशी थांबला. आणि ज्येष्ठापासून गप्प असलेला नवाब, तोच तो, एलिचपूरचा, बोरे खाणारा, रुसका, खालून धरलेल्या नाकातून म्हणाला,

“जेवाले काय हाय ते आधी सांग.”

मी सगळे मोजून दाखवले. पुरणपोळी, कढी, वडे, तांदळाची खीर, कोहळ्याची भाजी. त्याने प्रत्येकात खोड काढली. कढीत कोंबडी पडली असेल, अशी शंका त्याने घेतली तेव्हा आबा बाजेवर हसले आणि हसताना कमरेत कळ आली म्हणून त्यांनी त्या कळेला एक शिवी दिली.

त्यानंतर नवाब बोलला नाही. त्या संध्याकाळी तान्ह्या पोळ्याच्या तोरणाखाली मी त्याला घेऊन एकटा उभा राहिलो. काका पलीकडे, मोठ्या माणसांत, आबांची टोपी घालून उभा होता. लोकांनी बोजारा दिला. पुढच्या वर्षी मी गेलो नाही. मला कुणी का जात नाहीस म्हणून विचारलेही नाही.

पण ते सगळे नंतरचे. त्या सकाळी अजून ऊन अंगणात उतरायचे होते. आई शेणाची बादली घेऊन बाहेर आली, पदर खोचून वाकली आणि अंगण सारवू लागली. अंगणाच्या टोकापासून उंबरठ्यापर्यंत आलेल्या त्या दोन काळ्या रेघांपाशी तिचा हात थांबला. तिने रेघा पाहिल्या, चाके पाहिली, मग ओसरीवर पाठमोऱ्या बसलेल्या काकाकडे आणि हळदीने पिवळ्या झालेल्या माझ्या हातांकडे पाहिले.

“दौलत,” ती म्हणाली, “उठजो नको. चहा तिथंच आनते.”

आणि तिने सगळे अंगण सारवले. चाकांच्या त्या दोन रेघा तेवढ्या सोडून.